काजळींतील लोखंड

वैनगंगेच्या पश्चिम तीरावरील ब्रह्मपुरीचा मुलूख मुख्यतः भाताचा. गांव सोडून दक्षिणेस सिंदेवाहीच्या अंगास निघालें म्हणजे बांध्या मागें पडतात आणि रान दाट होत जातें. या भागांत लोहारा, पिंपळगांव, असोला अशा ठिकाणीं लोहखनिजाचे साठे आहेत. त्यांत लोहाऱ्याची टेकडी विशेष प्रसिद्ध. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडासंबंधींचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला, आणि हिंदुस्थानांत लोखंडाचा मोठा कारखाना काढण्याची त्यांची कल्पना प्रथम याच टेकडीच्या आधारानें रुजली. वरोऱ्याचा दगडी कोळसा परीक्षेस उतरला नाहीं, म्हणून तो कारखाना या मुलुखांत झाला नाहीं. तो इतिहास येथें एवढाच पुरे.

टाटांच्या फार पूर्वींपासून मध्य हिंदुस्थानांतील रानांत मातीच्या लहान भट्ट्यांतून लोखंड निघत असे. खनिजाचे खडे व लांकडी कोळसा भट्टींत भरावयाचा आणि भात्यानें वारा घालावयाचा. कोळसा जळून जो वायु होई तो खनिजांतील प्राणवायु हिरावून घेई, आणि तळाशीं स्पंजासारखा सच्छिद्र लोखंडाचा गोळा उरे. घण मारून त्यांतील मळी बाहेर काढीत. पण सगळें लोखंड गोळ्यांत कधींच येत नसे. टाकून दिलेल्या मळींत, जी जुनी झाली म्हणजे वैद्य तिला मंडूर म्हणतात, थोडेंबहुत लोखंड अडकून राही. अशा मळीचा बारीक चुरा करून त्यांतून लोहचुंबक फिरविला तर कांहीं कण त्यास चिकटून वर येतात. भट्टीवाल्यास हा तोटा ठाऊक होता. तो टाळण्याचा उपाय त्याच्यापाशीं नव्हता.

लोखंड आणि कर्ब यांची हीच जुनी जोडी आज एका निराळ्या भट्टींत बसविलेली असते. तेथें मात्र दोघांचीं कामें उलटीं झालीं आहेत. रानांतल्या भट्टींत कोळसा लोखंडाला मोकळें करी; या नव्या भट्टींत लोखंड कर्बाला आकार देतें. जें तयार होतें त्यास कर्बनलिका म्हणतात. शिसपेन्सिलींतील ग्राफाइटचा एकाच अणूइतका जाड पापुद्रा काढून त्याची सुरळी केली, तर जी नळी होईल ती ही. तिची जाडी नॅनोमीटरांत मोजावयाची, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मनुष्याचा केंस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. एकेरी भिंतीची कर्बनलिका एक-दोन नॅनोमीटर, आणि एकांत एक बसलेल्या अनेक भिंतींची बहुधा दहा ते पन्नास. अशा नळ्यांकडे जगाचें लक्ष १९९१ सालीं जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या निबंधानें वेधलें, आणि एकेरी भिंतीच्या नळ्या १९९३ सालीं लोखंड व कोबाल्ट यांच्या मदतीनें निघाल्या.

त्या करण्याच्या रीती पुष्कळ आहेत. त्यांतील एक आपल्या देवघराच्या इतकी जवळची आहे कीं उदाहरणादाखल तीच घेणें बरें. ती म्हणजे कापराची. मुंबईस पवई येथील तंत्रसंस्थेंत प्रा. महेश्वर शरॉन यांच्या प्रयोगशाळेंत कापरापासून कर्बाचीं निरनिराळीं रूपें करण्याचे प्रयोग झाले, आणि पुढें जपानांत नागोयाच्या मेइजो विद्यापीठांत मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनीं कापरापासून कर्बनलिका काढण्याची रीत बसविली. कापूर जाळला कीं वर धरलेल्या वाटीस काजळी धरते, हें घरोघरीं ठाऊक आहे. तोच कापूर हवेचा स्पर्श टाळून, आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या प्रवाहांतून, आठशें-नऊशें अंश सेंटिग्रेड तापलेल्या नळकांड्यांत नेला आणि त्याच्या जोडीस थोडें फेरोसीन दिलें, तर नुसत्या काजळीऐवजीं नळ्यांचें दाट रान उगवतें. फेरोसीन ही नारिंगी रंगाची पूड. तिच्या प्रत्येक रेणूंत कर्बाच्या दोन कड्यांमध्यें लोखंडाचा एक अणु धरलेला असतो. गंमत अशी कीं तिला वासही कापरासारखाच येतो, आणि कापरासारखीच ती तापवितांच उडून जाते.

भट्टींत फेरोसीन फुटतें. सुटलेले लोखंडाचे अणु एकमेकांस चिकटून त्यांचे बारीक कण बनतात. कापराच्या वाफेंतील कर्ब या कणांवर मोकळा होतो, त्यांत मुरतो, आणि कणास आणखी कर्ब मावेनासा झाला म्हणजे त्याच्या अंगांतून नळीच्या रूपानें बाहेर पडूं लागतो. सोऱ्यांतून शेव पडावी तसा हा प्रकार. सोऱ्याची चकती जशी तशी शेवेची जाडी, आणि कण जेवढा तेवढी बहुधा नळीची जाडी. कधीं कण खालींच चिकटून राहतो व नळी वर वाढते. कधीं नळी कणास आपल्या शेंड्यावर घेऊन वर जाते.

असें काम करणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. तो क्रिया घडवून आणतो, पण तयार मालाचा भाग होत नाहीं, असें पाठ्यपुस्तकें सांगतात. व्यवहारांत विरजण जसें दह्यांतून वेगळें काढतां येत नाहीं, तसें हें लोखंडही नळ्यांतून सुखासुखीं निघत नाहीं. कांहीं कण नळीच्या बुडाशीं, कांहीं शेंड्यांत, कांहीं मधल्या पोकळींत अडकतात. कांहींना नळी फुटतच नाहीं, त्यांच्याभोंवतीं कांद्याच्या पापुद्र्यांसारखें कर्बाचें कवच चढतें. एकेरी भिंतीच्या नळ्यांच्या कच्च्या मालांत अशा रीतीनें वजनाच्या शेंकडा वीस-तीस भागांपर्यंत धातूच असल्याचें आढळलें आहे. विकत घेणारा कर्बाचे पैसे देतो आणि पाव हिस्सा लोखंड घरीं आणतो.

हें लोखंड प्रथम दाखवून देतो तो लोहचुंबक. कर्बनलिकांची कच्ची काळी पूड कागदावर ठेवून खालून चुंबक फिरवावा. पूड अंग झाडून उभी राहते व चुंबकामागें धांवूं लागते. कर्बाच्या स्वभावाशीं हें विसंगत आहे. ग्राफाइट चुंबकाकडे ओढलें तर जात नाहींच, उलट किंचित् दूर सरतें. त्याचा मुद्दाम घडविलेला पातळ तुकडा प्रबळ चुंबकांवर अधांतरीं तरंगत ठेवतां येतो. पण हा कर्बाचा संकोच फारच नाजुक, आणि लोखंडाची ओढ फारच दांडगी. प्रयोगशाळेंत नेहमीं वापरतात त्या दहा हजार गौसच्या चुंबकक्षेत्रांत या दोहोंचा हिशेब मांडला, तर कर्बाच्या दहा हजार भागांत लोखंडाचे अवघे तीन-चार भाग मिसळले कीं कर्बाचा दूर सरण्याचा गुण पुरता झांकून जातो. शेंकडा एक भाग लोखंड असेल, आणि तो माल चांगला शुद्ध समजला जातो, तरी त्याची ओढ कर्बाच्या संकोचाच्या तीसपट भरते.

नळ्या उगवण्यास उत्तम धातु कोणते, तर लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. नेहमींच्या उष्णमानांत चुंबकास जोरानें चिकटणारे साधे धातु कोणते, तर हेच तीन. म्हणून चुंबकत्वच नळी उगवतें असें मात्र समजूं नये. प्रत्येक चुंबकीय धातु एका ठराविक उष्णतेस चुंबकत्व सोडतो. पिएर क्युरी यांच्या १८९५ सालच्या प्रयोगांवरून त्या उष्णतेस क्युरीबिंदु म्हणतात. निकेलचा क्युरीबिंदु ३५८ अंश, लोखंडाचा ७७०, कोबाल्टचा सुमारें ११२०. आठशें अंशांच्या भट्टींत निकेल नळ्या उगवीत असतें तेव्हां त्याच्यापाशीं हें चुंबकत्व मुळींच नसतें. या तिन्ही धातूंच्या अणूंतील विद्युत्कणांची एक विशिष्ट मांडणी अपुरी असते. तिच्यांतून एकीकडे चुंबकत्व येतें आणि दुसरीकडे कर्बाला धरण्या-सोडण्याची हातोटी येते. दोन्ही गुण एकाच घरचे, पण एकामुळें दुसरा नव्हे.

आतां कणाच्या लहानपणाचा परिणाम पाहावयाचा. लोखंडाच्या मोठ्या तुकड्यांत अनेक तट असतात. प्रत्येक तटांतील अणु एका दिशेस तोंड करून बसलेले, पण शेजारच्या तटाची दिशा वेगळी; म्हणून साधा खिळा स्वतः चुंबक नसतो. मोठ्या गांवांत तट पडतात. चार घरांच्या टोल्यावर तट पडण्यापुरतीं माणसेंच नसतात. तसेंच कांहीं दशक नॅनोमीटरांहून लहान कणांत एकच तट मावतो, आणि तो सबंध कण एकमुखी चुंबक होतो. त्याहूनही लहान, सुमारें दहा नॅनोमीटरांच्या आंतील कणाची आणखी एक तऱ्हा. तो एकमुखी तर असतो, पण भोंवतालच्या उष्णतेचे धक्के त्याला स्थिर बसूं देत नाहींत. त्याचें तोंड क्षणांत इकडे, क्षणांत तिकडे. बाहेरून चुंबक आणला कीं सगळे कण त्याच्याकडे वळतात. चुंबक काढला कीं सगळें विस्कटतें व मागें कांहींच उरत नाहीं. अशा कणांना थंड करीत गेलें म्हणजे एका उष्णमानास त्यांची चुळबूळ थांबते आणि जो ज्या दिशेस असेल तेथेंच तो थिजतो. पूड एकदां चुंबकक्षेत्राशिवाय थंड करावयाची व एकदां क्षेत्र लावून. मग दोन्ही वेळां हळूहळू तापवीत चुंबकत्व मोजावयाचें. दोन आलेख ज्या उष्णमानाखालीं एकमेकांपासून फुटतात, त्यावरून कणांचा आकार अजमावतां येतो. नळ्या न फोडतां आंतील लोखंडाची विचारपूस करण्याची ही रीत आहे.

हें आंतलें लोखंडही एकाच जातीचें नसतें. कांहीं साधें, चुंबकास ओढणारें. कांहीं कर्बाशीं संयोग पावून सिमेंटाइट झालेलें. हें लोहाच्या तीन व कर्बाच्या एका अणूचें कठीण संयुग पोलादांतही असतें, त्याचा क्युरीबिंदु सुमारें २१० अंश. आणि कांहीं लोखंड अशा रचनेचें कीं तें एरव्हीं ९१० अंशांच्या वरच टिकावयाचें. कर्बाच्या घट्ट कवचांत सांपडल्यामुळें थंड झाल्यावरही तें तसेंच राहतें, आणि चुंबकास दाद देत नाहीं. तेव्हां चुंबकाला जें दिसलें नाहीं तें मालांत नाहींच, असें म्हणतां येत नाहीं. त्यासाठीं दुसरी, अगदीं सरळ कसोटी आहे. थोडा माल तोलून हवेंत पूर्ण जाळावयाचा. कर्ब जळून वायुरूपानें निघून जातो आणि तळाशीं लालसर राख उरते. लोखंड वापरलें असेल तर ही राख म्हणजे हेमॅटाइट, लोहाऱ्याच्या टेकडींत मुख्यत्वें जें खनिज आहे तेंच. दहा भाग राखेंत सात भाग लोखंड, हा हिशेब मग कोणासही करतां येतो.

इतकी चौकशी कशासाठीं, याचें उत्तर विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासांत आहे. २००१ सालीं ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकांत तातियाना माकारोवा व त्यांचे सहकारी यांचा निबंध आला. कर्बाचे साठ अणु असलेले चेंडूसारखे रेणु मोठ्या दाबाखालीं व उष्णतेंत एकमेकांस जोडले असतां धातूवांचून चुंबक तयार होतो, आणि त्याचें चुंबकत्व सुमारें २२७ अंशांपर्यंत टिकतें, असें त्यांत प्रतिपादन होतें. ही बातमी लहान नव्हती. कर्बाचा चुंबक म्हणजे हलका, स्वस्त, लोखंडावांचूनचा चुंबक. विद्युत्शास्त्रांत त्यानें पुष्कळ उलथापालथ केली असती. पण पुढें नमुने तपासतां त्यांत लोखंडाची भेसळ आढळली, आणि २००६ सालीं निबंध मागें घेण्यांत आला. २२७ आणि २१० हे आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. कर्बाबरोबर मुद्दाम लोखंडाची पूड घालून तसाच दाब दिला असतां सिमेंटाइट बनतें, हें इतरांनीं दाखविलेंच. नवा म्हणून गौरविलेला चुंबक पोलादवाल्यांचा जुना ओळखीचा निघाला. निबंध उघडपणें मागें घेतला गेला ही गोष्ट त्या शास्त्राला कमीपणा आणणारी नाहीं.

दुसरा दाखला रसायनशाळेंतला. कर्बनलिका बसविलेलीं विद्युदग्रें कांहीं पदार्थांचा माग फार चांगला लावतात अशी ख्याति झाली होती. २००६ सालीं ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटानें दाखविलें कीं अशा कांहीं प्रसंगीं श्रेय नळ्यांचें नसून त्यांत राहून गेलेल्या लोखंडाच्या कणांचें आहे. तिसरा दाखला अधिक चिंतेचा. कच्च्या नळ्यांतील लोखंड शरीराच्या पेशींत उपद्रवी प्राणवायु-कण निर्माण करूं शकतें. २००३ सालीं अमेरिकेंत त्वचेच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत असा त्रास दिसून आला, आणि त्या मालांत शेंकडा तीस भाग लोखंड होतें. जो माल पुढें औषधें वाहून नेण्यास वापरावा असें म्हणतात, त्याच्या बाबतींत ही गोष्ट डोळ्यांआड करतां येत नाहीं.

मग तें धुऊन कां टाकीत नाहींत? धुतात. हायड्रोक्लोरिक आम्लांत उकळतात. उघडें लोखंड विरघळतें, कवचांतलें तसेंच राहतें. कवच फोडण्यासाठीं नायट्रिक आम्ल घ्यावें, तर तें नळ्यांनाही कुरतडतें. नळ्या पाण्यांत विखरून चुंबकाजवळून नेल्या तर लोखंडवाल्या नळ्या बाजूस पडतात, पण चांगला मालही त्यांच्याबरोबर जातो. निर्वातांत दोन हजार अंशांच्या वर तापविलें तर लोखंड वाफ होऊन निघून जातें. हा उपाय उत्तम, पण खर्चाचा.

आम्लापासून कर्बाचें कवच आंतल्या मालाचें किती राखण करतें, याचा एक जुना पुरावा २००६ सालीं पुढें आला. जर्मनींत ड्रेस्डेन येथें पीटर पाउफ्लर, मारियान राइबोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सतराव्या शतकांतील एका दमास्कस तरवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लांत विरघळविला. उरलेल्या गाळांत त्यांना कर्बनलिका दिसल्या, आणि कांहीं नळ्यांच्या पोटांत सिमेंटाइटच्या तारा शाबूत होत्या. या निष्कर्षासंबंधीं धातुशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. दमास्कस तरवारींस लागणारें वूट्झ पोलाद दक्षिण हिंदुस्थानांतून जात असे. त्याचें एक नामांकित ठिकाण कोनासमुद्रम् हें चांद्याच्या दक्षिणेस, गोदावरी ओलांडून निजामाबाद जिल्ह्यांत आहे, आणि इराणी व्यापारी पोलाद घेण्यासाठीं तेथवर येत. मुशींत लोखंडाबरोबर लांकूड-पाला घालून बंद करणाऱ्या त्या कारागिरांना नळ्यांची कल्पना असणें शक्य नव्हतें.

ज्या लोखंडास बाहेर काढतां येत नाहीं, त्यास आंतच कामाला लावावें, हा विचार आतां बराच पुढें गेला आहे. नळीच्या पोकळींत लोखंडाची सलग तार बसली तर ती गंजत नाहीं, आणि लांबट व बारीक आकारामुळें एकदां धरलेली चुंबकाची दिशा साध्या लोखंडापेक्षां कित्येक पट हट्टानें धरून ठेवते. बंगळुरास सी. एन. आर. राव व त्यांचे सहकारी यांनीं फेरोसीनच्याच मार्गानें अशा तारा भरलेल्या नळ्यांच्या जुड्या उगवून त्यांचें चुंबकत्व मोजलें. पुण्यास पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत अश्ना बाजपेयी यांच्या गटानें कापूर आणि फेरोसीनच्या जातीचीं संयुगें एकत्र तापवून धातूनें भरगच्च नळ्या काढल्या. हें काम २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें त्यांनीं नळ्या जळून जाणार नाहींत अशा बेतानें तापवून आंतील लोखंडाचें नळीच्या पोटांतच हेमॅटाइट केलें. हेमॅटाइट एरव्हीं चुंबकाच्या बाबतींत मंद. टेकडीवरील त्याचा खडा साध्या चुंबकास क्वचितच दाद देतो. पण कर्बाच्या भिंतीस चिकटून असलेल्या या बारीक हेमॅटाइटचें चुंबकत्व वाढलेलें दिसलें, आणि बाहेरचें क्षेत्र काढून घेतल्यावर जें उरलें तें बराच वेळ न ढळतां टिकून राहिलें. येथें कर्ब नुसतें कवच नाहीं, लोखंडाच्या वागणुकींत त्याचाही हात आहे. तो किती व कसा, हें त्या सीमारेषेवरील मोजमापांतून अजून उलगडत आहे.